फाइल डाउनलोड न करता सर्व्हरवरच एडिट कशी करावी

फाइल सर्व्हरवर असते, पण तिच्यात बदल करायची वेळ आली की आपण ती डाउनलोड करतो, वर्ड किंवा लिबरऑफिसमध्ये उघडतो, हवं ते बदलतो आणि पुन्हा अपलोड करतो. एकट्याचं काम असेल तर हे चालून जातं. दोघांनी एकाच दुपारी हाच उद्योग केला, तर नंतर अपलोड करणाऱ्याची फाइल टिकते आणि आधीच्याची मेहनत पाण्यात जाते. सर्व्हर कुरकुरही करत नाही. त्याच्या लेखी नवी फाइल आली, जुनीच्या जागी बसली, विषय संपला.

यावर उपाय म्हणजे फाइल जागेवरून हलवायचीच नाही. ती ब्राउझरमध्ये उघडायची, तिथेच बदलायची, तिथेच सोडायची. गूगल डॉक्स वापरणाऱ्यांना हे नवीन नाही. पण हीच सोय स्वतःच्या किंवा संस्थेच्या सर्व्हरवर, फाइल बाहेरच्या कुणाच्या ताब्यात न देता करता येते. या लेखात नेक्स्टक्लाउड हे उदाहरण धरलं आहे. स्वतःच्या सर्व्हरवर फाइली ठेवण्या-वाटण्यासाठीचा, २०१६ साली ओनक्लाउड या तशाच प्रकल्पातून फुटून निघालेला हा मुक्त प्रकल्प आज बराच वापरात आहे. तुमच्याकडे दुसरं काही असेल तरी बटणांची नावं तेवढी बदलतील, कामाची रीत साधारण हीच राहील.

आधी पडद्यामागचं थोडं

स्क्रीनवर एकच वेबसाइट दिसते, पण आत दोन वेगळी कामं करणारे दोन भाग असतात. एक भाग फाइल सांभाळतो: कोण लॉगिन झालं, कुणाला काय बघायची परवानगी आहे, जुन्या आवृत्त्या कुठे आहेत. दुसरा भाग एडिटर: फाइल उघडणं, दाखवणं, बदल करणं. तुम्ही फाइलवर क्लिक करता तेव्हा साठवणीचा भाग त्या फाइलपुरतं एक टोकन, म्हणजे तात्पुरता प्रवेशपास, बनवून एडिटरला देतो. एडिटर ते टोकन दाखवून विचारतो, ‘हा माणूस कोण, याला लिहायची मुभा आहे का?’ उत्तर मिळालं की फाइल मागून घेतो आणि सेव्हच्या वेळी परत देतो. या देवाणघेवाणीसाठी वोपी नावाचा प्रोटोकॉल, म्हणजे बोलण्याचे ठरलेले नियम, आहे. कोलॅबोरा ऑनलाइन आणि ओन्लीऑफिस हे असे दोन एडिटर. कोलॅबोरा वोपीवरच चालतं. ओन्लीऑफिसला वोपी येतं, पण नेक्स्टक्लाउडशी ते सहसा स्वतःच्या पद्धतीने आणि एका गुप्त किल्लीच्या आधारे बोलतं.

एवढं समजलं की पुढच्या निम्म्या अडचणी आपोआप उलगडतात, कारण बहुतेक वेळा बिघाड या दोघांच्या संभाषणात असतो. फाइल बिचारी धडधाकट असते.

पायरी १: एडिटर ठरवा

कोलॅबोराच्या पोटात लिबरऑफिसचं इंजिन आहे. ते सर्व्हरवर चालतं, पानाचे छोटे चौकोनी तुकडे चित्ररूपात काढतं आणि ब्राउझरला पाठवतं. म्हणजे तुमच्या संगणकावर फक्त दस्तऐवजाचं चित्र येतं. वापरणाऱ्याचा संगणक जुना असला तरी फारसं अडत नाही, मात्र उघड्या असलेल्या प्रत्येक फाइलसाठी सर्व्हरवर वेगळी प्रोसेस चालते, त्यामुळे सर्व्हरला मेमरी भरपूर हवी. ओन्लीऑफिसचं उलट आहे. तिथे फाइल ब्राउझरमध्ये येते आणि मुख्य काम तिथेच होतं. सर्व्हरवरचा भार कमी, पण मोठी शीट उघडली की दमछाक तुमच्या संगणकाची.

दुसरा मुद्दा फॉरमॅटचा. ओन्लीऑफिस आतून मायक्रोसॉफ्टच्या डॉकएक्स, एक्सएलएसएक्स घराण्यातलंच आहे. ओडीटी (लिबरऑफिसची दस्तऐवज फाइल) दिली तर ते आधी तिचं रूपांतर करतं आणि त्यात कधी कधी मांडणी हलते. कोलॅबोराची मातृभाषा ओडीएफ, म्हणजे ओडीटी ज्यातलं आहे ते खुलं फॉरमॅट-घराणं. डॉकएक्सही ते चांगलं हाताळतं, पण तिथे रूपांतर उलट्या दिशेने होतं. माझं मत साधं आहे: बाहेरून येणाऱ्या फाइली बहुतेक डॉकएक्स असतील तर ओन्लीऑफिस, आणि घरात लिबरऑफिस रुळलं असेल तर कोलॅबोरा. दोन्ही लावून ‘ज्याला जे आवडेल ते’ असं मात्र करू नका. एकच फाइल आज यात, उद्या त्यात उघडत गेलं की तक्ते आणि समास हळूहळू सरकायला लागतात.

पायरी २: जोडणी

हे काम ॲडमिनचं. तुम्ही फक्त वापरणारे असाल तर सरळ पुढच्या पायरीवर जा.

नेक्स्टक्लाउडच्या ॲप विभागातून ‘नेक्स्टक्लाउड ऑफिस’ (कोलॅबोरासाठी) किंवा ‘ओन्लीऑफिस’ हे जोडणीचं ॲप बसवा. ॲप म्हणजे एडिटर नव्हे, ते दोघांमधला दुवा आहे. एडिटर वेगळा बसवावा लागतो आणि त्यासाठी डॉकर (तयार डब्यातून प्रोग्रॅम चालवायचं साधन) हा सोपा रस्ता. कोलॅबोराचा एक तयार ‘बिल्ट-इन’ प्रकारही ॲप म्हणून मिळतो. दोन-चार जणांना करून बघायला तो ठीक, रोजच्या वापराला संथ पडतो.

एडिटरला स्वतःचा पत्ता आणि चालू एचटीटीपीएस प्रमाणपत्र द्या. नेक्स्टक्लाउड एचटीटीपीएसवर आणि एडिटर साध्या एचटीटीपीवर असेल तर ब्राउझर ती चौकट उघडूच देत नाही. कोलॅबोरा मुळात ९९८० या पोर्टवर ऐकतं. तो पोर्ट बाहेर उघडा टाकण्याऐवजी समोर रिव्हर्स प्रॉक्सी, म्हणजे बाहेरच्या विनंत्या घेऊन आत पोचवणारा मध्यस्थ सर्व्हर, ठेवा. प्रॉक्सीत वेबसॉकेटला, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरमधल्या सतत उघड्या जोडणीला, परवानगी द्यायला विसरू नका. ती नसेल तर एडिटरची चौकट येते, बटणं येतात आणि दस्तऐवजाच्या जागी चक्र फिरत राहतं. मग लोक तासभर फाइल तपासत बसतात.

आता नेक्स्टक्लाउडच्या सेटिंगमध्ये एडिटरचा पत्ता टाका. कोलॅबोराच्या बाबतीत संपर्क झाला की हिरवी खूण दिसते. पण ही खूण एकाच दिशेची ग्वाही देते: नेक्स्टक्लाउडला एडिटर सापडला. एडिटरला नेक्स्टक्लाउड सापडतो का, हे प्रत्यक्ष फाइल उघडल्यावरच कळतं. कोलॅबोराच्या बाजूला नेक्स्टक्लाउडचं डोमेन परवानगीच्या यादीत हवं, आणि नेक्स्टक्लाउडच्या बाजूला वोपी विनंत्यांच्या यादीत एडिटरचा आयपी पत्ता हवा. मध्ये प्रॉक्सी असली की नेक्स्टक्लाउडला दिसणारा पत्ता वेगळाच निघू शकतो, तेव्हा अंदाज करू नका, लॉगमध्ये बघून तोच टाका. ओन्लीऑफिसमध्ये दोन्हीकडची गुप्त किल्ली अक्षरशः सारखी असली पाहिजे. कॉपी करताना शेवटी चिकटलेली एक रिकामी जागाही जोडणी पाडायला पुरते.

पायरी ३: फाइल उघडा

फाइलच्या नावावर क्लिक करा, एडिटर त्याच टॅबमध्ये उघडेल. नवी फाइल हवी असेल तर ‘नवीन’ बटणातून दस्तऐवज, स्प्रेडशीट किंवा सादरीकरण निवडा. इथे फॉरमॅटकडे लक्ष ठेवा: नेक्स्टक्लाउड ऑफिस मुळात ओडीएफमध्ये फाइल बनवतं. डॉकएक्स हवं असेल तर ॲडमिन ते सेटिंगमधून बदलू शकतो.

टाइप करता येत नसेल तर आधी परवानगी बघा. फाइल तुमच्याशी ‘फक्त वाचन’ म्हणून शेअर झालेली असेल तर एडिटर छान उघडतो, फक्त लिहू देत नाही. उजव्या क्लिकमधून पेस्ट होत नसेल तर तो ब्राउझरचा सुरक्षेचा नियम आहे. कंट्रोल आणि व्ही वापरा.

पायरी ४: इतरांना आत घ्या

शेअरिंगमध्ये माणसाचं नाव टाकून एडिटची परवानगी द्या. लिंक देण्यापेक्षा हे केव्हाही बरं. एडिटची लिंक ज्याच्या हाती पडेल तो लिहू शकतो आणि ती पुढे कुणाकुणाकडे गेली हे तुम्हाला कळत नाही. लिंक द्यावीच लागली तर पासवर्ड आणि मुदत दोन्ही घाला.

फाइल दोघांनी उघडली की एकमेकांचे कर्सर वेगवेगळ्या रंगांत नावासकट दिसतात. एकाच परिच्छेदात दोघांनी घुसण्यापेक्षा कमेंट टाकणं सोयीचं. ओन्लीऑफिसमध्ये एकत्र कामाच्या दोन तऱ्हा आहेत: ‘फास्ट’मध्ये प्रत्येक अक्षर लगेच सगळ्यांना दिसतं, ‘स्ट्रिक्ट’मध्ये तुम्ही सेव्ह करेपर्यंत बदल तुमच्यापुरते राहतात आणि तुम्ही हात लावलेला भाग इतरांसाठी बंद असतो. कराराचा मसुदा किंवा आकड्यांचा तक्ता असेल तर मी स्ट्रिक्टच निवडेन.

स्प्रेडशीटमध्ये फिल्टर ही खरी भांडणाची जागा. समजा खर्चाच्या शीटवर चौघं काम करताहेत आणि एकाने ‘विभाग’ या स्तंभाला फिल्टर लावून स्वतःचा विभाग तेवढा ठेवला. साध्या फिल्टरने बाकीच्या ओळी इतरांच्या स्क्रीनवरूनही गायब होऊ शकतात. मग कुणीतरी ‘माझ्या नोंदी कुणी उडवल्या?’ म्हणून त्या पुन्हा भरायला बसतो आणि फिल्टर काढल्यावर सगळं दुप्पट दिसतं. ओन्लीऑफिसमध्ये यासाठी ‘शीट व्ह्यू’ आहे, त्यातला फिल्टर तुमच्यापुरता राहतो. तशी सोय नसेल तर छाननी करायला वेगळी शीट घ्या. आणि ओळी दिसत नसतील तर भरायला बसण्याआधी डावीकडचे ओळींचे क्रमांक बघा. १२ नंतर थेट ३१ आला असेल तर नोंदी जागेवरच आहेत, फक्त लपल्या आहेत.

पायरी ५: सेव्ह कधी होतं ते ओळखा

‘आपोआप सेव्ह होतं’ हे अर्धसत्य आहे. कोलॅबोराच्या मूळ सेटिंगमध्ये तुम्ही ३० सेकंद हात थांबवला की, किंवा काम सतत चालू असेल तर दर ५ मिनिटांनी, बदल साठवणीत लिहिले जातात. ओन्लीऑफिस बदल स्वतःकडे जपून ठेवतं, पण मूळ फाइल साधारणपणे शेवटच्या माणसाने टॅब बंद केल्यावर, सुमारे १० सेकंदांनी लिहिली जाते. एखाद्याने टॅब रात्रभर उघडा ठेवला आणि मधल्या वेळात बॅकअप झाला, तर बॅकअपमध्ये कालचीच फाइल जाईल. ॲडमिनने ‘फोर्स सेव्ह’ चालू केलं असेल तर कंट्रोल आणि एस दाबताच फाइल लिहिली जाते. ते चालू करून घ्या.

हीच फाइल सिंक ॲपमधून (सर्व्हरवरच्या फाइलींची प्रत संगणकावर जुळती ठेवणाऱ्या ॲपमधून) तुमच्या संगणकावरही असेल तर ती दोन्हीकडे एकाच वेळी उघडू नका. सगळ्यात जास्त गोंधळ यातूनच होतो. कोलॅबोरा अशा वेळी ‘साठवणीतली फाइल बदलली आहे’ असा इशारा देतं आणि तुमचे बदल सोडायचे, वरून लिहायचं की नव्या नावाने ठेवायचं ते विचारतं. घाई असली तरी नवं नाव निवडा. सिंक ॲपकडून ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’ नावाची फाइल आली असेल तर दोन्ही उघडून, ताडून मगच एक पुसा.

पायरी ६: जुनी आवृत्ती परत आणा

फाइलच्या तपशिलात ‘आवृत्त्या’ नावाचा टॅब असतो. तिथे वेळेनुसार जुन्या प्रती दिसतात. हवी ती उघडून बघा आणि पटली तर परत आणा. मात्र प्रत्येक सेव्ह कायमचं राहत नाही. नेक्स्टक्लाउड आवृत्त्या विरळ करत जातं: पहिल्या २४ तासांत तासाला एक, पहिल्या ३० दिवसांत दिवसाला एक, त्यानंतर आठवड्याला एक. जागा कमी पडली तर त्याआधीही जुन्या प्रती जातात. म्हणून महत्त्वाच्या टप्प्यावर त्या आवृत्तीला नाव द्या. नाव दिलेली आवृत्ती या छाटणीतून वाचते.

अक्षरं बिघडली तर

कोलॅबोरात पान सर्व्हरवर रंगतं, त्यामुळे फॉन्टही सर्व्हरवरच हवा. तुमच्या संगणकावर असलेल्या मंगल फॉन्टचा तिथे उपयोग नाही. कॅलिब्रीच्या जागी तेवढ्याच मापाचा कार्लिटो येतो आणि ओळी जागच्या जागी राहतात, पण देवनागरी फॉन्ट बदलला की पानं वाढतात किंवा घटतात. नोटो सॅन्स देवनागरी, लोहित मराठी, मुक्ता असे मुक्त परवान्याचे फॉन्ट ॲडमिनकडून बसवून घ्या आणि सगळ्यांनी त्यातलाच एक वापरा. युनिकोडपूर्व काळातल्या, श्रीलिपीसारख्या फॉन्टमधल्या फाइलींचा प्रश्न वेगळा: तो फॉन्ट सर्व्हरवर नसेल तर मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. तशीच टाइप करत राहू नका, आधी मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या.

एक्सेलमधले मॅक्रो (फाइलीतच लिहिलेले छोटे प्रोग्रॅम) इथे चालतील असं गृहीत धरू नका. ओन्लीऑफिसचे मॅक्रो जावास्क्रिप्टचे असतात आणि कोलॅबोरात मॅक्रो मुळात बंद असतात. तशा फाइली डेस्कटॉपवरच ठेवा. एंड-टू-एंड एन्क्रिप्शन लावलेल्या फोल्डरमधल्या फाइलीही ब्राउझरमध्ये एडिट करण्याच्या भानगडीत पडू नका. त्यांची किल्ली सर्व्हरकडे नसते, त्यामुळे एडिटरला त्यातलं काहीच वाचता येत नाही.