सोसायटीतल्या सणांनी लोक खरंच खुश होतात का? भूतानसारखं विचारून बघा

आपल्याकडे सोसायटीत गणपती, दांडिया, हळदीकुंकू सगळं जोरात होतं, पण त्यातून कुणाला बरं वाटतं आणि कोण नुसती वर्गणी देऊन दार लावून बसतं हे कोणी विचारत नाही. भूतान हे अख्ख्या देशाला विचारतो. तिथल्या सकल राष्ट्रीय आनंदाच्या पाहणीत 9 विषय आणि 33 निर्देशक असतात, आणि संस्कृती हा त्यातला एक पूर्ण विषय. निर्देशांक (0 ते 1 या मापात) 2010 ला 0.743 होता, 2022 ला 0.781 झाला. अर्थात हे सगळं संस्कृतीमुळे नाही, राहणीमान सुधारलं त्याचाही वाटा आहेच, आणि तरीही तिकडची तरुण पोरं ऑस्ट्रेलियाला पळतायत ते वेगळंच.

संस्कृतीत ते चार गोष्टी बघतात. मातृभाषा नीट बोलता येते का, वर्षभरात किती दिवस स्थानिक कार्यक्रमांना गेलात, 13 पारंपरिक कलांपैकी एखादी येते का, आणि रीतभात, म्हणजे सरकारने ठरवून दिलेलं वागणं आणि पोशाख.

पहिल्या तीन जशाच्या तशा उचला. फक्त भाषेचं विचारताना "मराठी येते का" असं नको, "घरात भांडण कोणत्या भाषेत होतं" विचारा, लोक हसतात आणि खरं सांगतात. कार्यक्रमांचे दिवस मोजताना नुसते जेवायला आलेले दिवस वेगळे आणि काम केलेले वेगळे लिहून घ्या. कलेत मोदकाला कळ्या पाडणं, आकाशकंदील, बिहारकडच्या छठ सणाचा गोड ठेकुआ, ओणमची फुलांची रांगोळी, काहीही चालेल, हाताने येत असलं म्हणजे झालं.

चौथा प्रश्न मात्र गाळा. हीच रीतभात आणि पोशाख 1989 पासून भूतानने दक्षिणेतल्या नेपाळी भाषिकांवर सक्तीने लादला, शाळांमधून नेपाळी भाषा काढली, त्यानंतर निदर्शनं, धरपकड, आणि शेवटी एक लाखाच्या आसपास माणसं पूर्व नेपाळच्या छावण्यांत जाऊन पडली, त्यातली बरीचशी 2007 नंतर अमेरिकेत वगैरे वसवली गेली. आनंद मोजणाऱ्या देशाची ही बाजू कोणी फारशी सांगत नाही. संस्कृती गळ्यात बांधली की ज्याच्या गळ्यात बांधली त्याला तरी तिच्यातून आनंद मिळत नाही, मग तो आकडा कितीही चांगला दिसो.

म्हणून त्या जागी आपला प्रश्न टाका: गेल्या वर्षी दुसऱ्या कुणाच्या सणाला त्यांच्या घरी गेलात का, आणि तुमच्या सणाला कोण आलं? दोन्ही बाजू विचारा, कारण "आमच्या गणपतीला सगळे येतात" हे सांगणारे शंभर भेटतात पण छठला शेजारच्यांकडे जाऊन बसलेले फार कमी.

कागदावर नाव घ्यायचं नाही, आणि भाडेकरू, वॉचमन, घरकाम करणाऱ्या ताया यांना पण विचारा, नाहीतर कमिटीचंच मत कमिटीला परत मिळेल. उत्तरांची सरासरी काढत बसू नका, ज्यांची पाटी सगळीकडे कोरी आहे ते किती आणि त्यांची भाषा कोणती तेवढं बघा.

मग "विविधता दिन" ठेवून स्टेजवर पोरांना फेटे घालायचे नाहीत प्लीज. ज्याला जे येतं ते त्याने शिकवायचं, ठेकुआ करणाऱ्या भाभींच्या घरी चारजणी जाऊन कणीक मळतील, त्या पुढच्या भाद्रपदात मोदकाला येतील. हॉलचं भाडं माफ करा, सगळ्यांना सारखं. आणि हे विचारणं गणपतीच्या गडबडीत नको, दिवाळी आणि छठ दोन्ही उरकल्यावर करा.