ग्रीक इतिहासातली साथ आणि देव वाचताना ‘म्हणे’ कुठं लावायचं

लढाई चाललेली असते, मधेच साथ येते नाहीतर वीज पडते, आणि ग्रीक इतिहास वाचणाऱ्या पोरांचा तिथंच घोळ होतो. हेरोडोटस आणि थुसिडिडीस हे दोन जुने ग्रीक इतिहासकार; कोण लिहितं हेरोडोटस भाबडा, कोण लिहितं थुसिडिडीस देव न मानणारा, आणि मला दोन्ही पटत नाही. मी करतो ते सोपं आहे. उतारा आपल्या बोलीत मोठ्यानं सांगायचा आणि प्रत्येक वाक्याला विचारायचं, इथं ‘म्हणे’ लागतंय का?

2019 च्या पुरात कोल्हापुरात गंगावेशीत पाणी बघत उभा होतो. शेजारचा माणूस म्हणाला, “धरणाचे दरवाजे मुद्दाम सोडलेत म्हणे.” मागनं एक म्हातारी म्हणाली, “आंबाबाई बघतीया सगळं.” तिच्या वाक्यात ‘म्हणे’ नव्हतं. एक अफवा, एक श्रद्धा, आणि समोर पायरीवर चढत आलेलं पाणी, ते तर डोळ्यांनी दिसत होतं. हे तीन थर वेगळे ठेवायचे, बास.

आता थुसिडिडीस, दुसरा भाग, 47 ते 54 ही प्रकरणं. इ.स.पू. 430, अथेन्स आणि स्पार्टाच्या युद्धाचं दुसरं वर्ष, साथ अथेन्समध्ये. साथ इथिओपियातनं इजिप्तमार्गे आली म्हणे. अथेन्सच्या पायरियस बंदरात शत्रूनं पाण्याच्या टाक्यांत विष टाकलं म्हणे. पण डोकं तापतं, डोळे लाल होतात, तहान एवढी की माणसं टाक्यांत उड्या टाकतात, सातव्या नाहीतर नवव्या दिवशी जातात, इथं ‘म्हणे’ लावून बघा, बसतच नाही, कारण तो स्वतः आजारी पडून उठलाय आणि दुसऱ्यांचे हाल त्यानं बघितलेत. खेड्यापाड्यातली माणसं शहरात येऊन ऐन उन्हाळ्यात कोंदट झोपड्यांत राहिली, तेही तो स्वतःच्या तोंडानं सांगतो. देवळात गाऱ्हाणी घातली, कौल लावले, उपयोग झाला नाही, हेही त्याचंच. देव नाही असं मात्र तो कुठं म्हणत नाही, तेवढं पदरचं घालू नका.

54 वं प्रकरण तर हळूहळू वाचा. म्हाताऱ्यांना जुनी ओळ आठवते की डोरियन युद्ध (डोरियन म्हणजे स्पार्टा वगैरेंचा ग्रीक वंश) येईल आणि सोबत साथ येईल. साथीला शब्द लोइमॉस, दुष्काळाला लिमॉस, आणि मूळ ओळीत नक्की कुठला यावर लोकांत वाद. माणसं साथीनं मरत होती म्हणून लोइमॉस जिंकला, आणि तो म्हणतो, पुढं कधी असंच युद्ध आलं आणि दुष्काळ पडला तर लोक लिमॉस म्हणतील! माणसाची आठवण कशी चालते ते त्यानं एका अक्षरात पकडलंय, मला तरी ही सगळ्यात भारी जागा वाटते.

हेरोडोटसकडं मात्र घाईनं ‘म्हणे’ लावू नका. ग्रीसमधल्या मॅग्नेशियाच्या किनाऱ्यावर इराणी आरमार वादळात सापडतं, त्यांचे पुरोहित मंत्र म्हणतात, चौथ्या दिवशी वादळ थांबतं, आणि लगेच हा लिहितो की कदाचित आपोआपच थांबलं असेल. आणि हाच माणूस पोटिडिया या ग्रीक गावाला समुद्राच्या भरतीत इराणी बुडाले तेव्हा गावकऱ्यांचं ऐकून, समुद्राचा देव पोसायडन, त्यानंच केलं, मलाही तसंच वाटतं, असं सरळ सांगतो. म्हणजे प्रत्येक जागा वेगळी तपासायची.

डायोडोरस हा ग्रीक इतिहासकार या दोघांच्या कितीतरी नंतरचा, इ.स.पू. पहिल्या शतकातला. इ.स.पू. 396 मध्ये सिसिलीतल्या सिराक्यूज शहराला वेढा घालून बसलेल्या, उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या फौजेत साथ येते, त्यांनी डिमीटर या धान्याच्या देवीचं देऊळ लुटलेलं असतं. तो देवीचा कोप सांगतो आणि लगोलग गर्दी, कडक उन्हाळा, दलदलीची सखल जागा पण सांगतो. पोरांना हा गोंधळ वाटतो. माझी आजी आषाढात पी ढबाक वाद्यांच्या आवाजात पंचगंगेचं नवं पाणी त्र्यंबोली देवीला घेऊन जायची, आणि घरी आल्यावर म्हणायची, “देवीचं देवीला दिलं, आता नवं पाणी हाय, उकळून पी.” तिच्या मनात त्यात काही विरोध नव्हता, डायोडोरस तसाच वाचा.

उत्तर लिहिताना ‘थुसिडिडीस म्हणतो विष टाकलं’ असं लिहायचं नाही, ‘लोक विष टाकलं म्हणत होते असं थुसिडिडीस नोंदवतो’ असं लिहायचं.

सरावाला त्याच्याच सातव्या भागातलं 50 वं प्रकरण घ्या. इ.स.पू. 413, सिराक्यूजहून अथेन्सची फौज निघायच्या तयारीत, चंद्रग्रहण लागतं, त्यांचा सेनापती निसियस 27 दिवस थांबायचं ठरवतो. ज्योतिषी काय म्हणाले, फौज काय म्हणाली, आणि निसियसबद्दलचा शेरा कुणाचा, पेन्सिलनं तीन वेगळ्या खुणा करून बघा.