ग्लोबल ग्रँटचा अर्ज भरण्याआधी गावात जाऊन बसा

रोटरीच्या ग्लोबल ग्रँटसाठी, म्हणजे मोठ्या समाजोपयोगी कामांना रोटरी फाउंडेशन जे अनुदान देतं त्यासाठी, प्रकल्प किमान 30,000 डॉलरचा लागतो. शिवाय जिथे काम होणार तिथला एक क्लब आणि परदेशातला एक क्लब, असे दोन जोडीदार हवेत. पैशाचं गणित आधी समजून घ्या. रोटरी डिस्ट्रिक्टच्या (अनेक क्लब मिळून होणाऱ्या विभागाच्या) निधीतून, म्हणजे डीडीएफमधून, जेवढं येतं त्यावर फाउंडेशनचा मध्यवर्ती निधी, म्हणजे वर्ल्ड फंड, 80 टक्के भर घालतो. डीडीएफचे 20,000 मिळाले तर वरून 16,000. सभासदांच्या रोख वर्गणीवर मात्र अशी भर मिळत नाही. म्हणून वर्गणीची पावती पुस्तकं छापण्याआधी दोन्ही डिस्ट्रिक्टच्या फाउंडेशन समित्यांशी बोला.

खरी मेहनत आहे ती गरजांच्या पाहणीत. ती अर्जाआधीच करावी लागते. आपण ठरवायचं ‘पाणी शुद्ध करायला आरओ प्लँट देऊ’ आणि मग गावाला विचारायचं, हे अगदी उलटं. बायका पहाटे किती वाजता हंडे घेऊन निघतात, उन्हाळ्यात विहीर कधी आटते, आधीचा हातपंप का बंद पडला, हे त्यांच्याच तोंडून ऐका आणि तिथल्या तिथे वहीत लिहा. पंपाचा वॉशर गेला तर तो कोण बदलणार आणि खर्च कुठून येणार, याचं उत्तर अर्जात नसेल तर अर्ज लंगडाच राहतो.