भाऊबंदकीचा वाद लवादाकडे नेताना या चुका टाळा

लवादाच्या, म्हणजे कोर्टाबाहेर पंचांसमोरच्या, सुनावण्या नीट होतात, हिस्से सगळ्यांना मान्य असतात, तरी पंचांचा निर्णय, म्हणजे निवाडा, दुय्यम निबंधकाकडे (दस्त नोंदणी कार्यालयात) किंवा कोर्टात अडकतो. कारण बहुधा लवाद सुरू होण्याआधीच्या कागदातच असतं.

बहिणींची सही न घेणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. लवाद करारात जो पक्षकार नाही, त्याला निवाडा बांधत नाही. "लग्न होऊन गेल्या, आता त्यांना कशाला मध्ये घ्यायचं" असं म्हणून बहिणींना वगळतात. पण हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला आहे. ती लागू झाली त्या 9 सप्टेंबर 2005 ला वडील हयात नसले तरी तो हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. वगळलेली बहीण वाटपाचा दावा लावते आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. वारलेल्या भावाची पत्नी आणि मुलंही अशीच राहून जातात.

भागीदारी पत्रातल्या लवादाच्या कलमावर विसंबणं

ते कलम फर्मच्या वादापुरतं. राहतं घर आणि शेत त्यात येत नाही. सगळं एकत्र वाटायचं असेल तर नवा करार करा. परिशिष्टात प्रत्येक मिळकतीचा गट किंवा सिटी सर्व्हे नंबर, क्षेत्र, चतुःसीमा लिहा. धंद्याची जागा, माल, येणी-देणी आणि दुकानाचं नाव वेगळं मांडा. मूल्यांकनाची एकच तारीख ठरवा, नाहीतर सुनावणी लांबेल तसे आकडे बदलत राहतात.

बँकेची हमी तर हमखास विसरली जाते. दुकान थोरल्याला गेलं, पण कॅश क्रेडिटला (धंद्यासाठीच्या बँक कर्जाला) धाकट्याची वैयक्तिक हमी आहे. बँक लवादात पक्षकार नाही, त्यामुळे निवाड्यानंतरही ती धाकट्याकडेच वसुलीला येऊ शकते. म्हणून थोरल्याने हमीमुक्तीचं पत्र किती दिवसांत आणायचं आणि हिस्से सारखे करायला धाकट्याने थोरल्याला फरकाची रक्कम द्यायची असेल तर त्यातली किती तोवर राखून ठेवायची, हे निवाड्यातच लिहून घ्या.

घरचाच पंच

वडील, भाऊ किंवा फर्मचा सीए पंच म्हणून कायद्याला चालत नाहीत. वाद उद्भवल्यावर सगळ्यांनी लेखी आणि स्पष्ट संमती दिली तरच चालतात. तोंडी "आमचा विश्वास आहे" पुरत नाही. पंच एक किंवा तीन ठेवा, दोन नकोत.

निवाडा कपाटात ठेवणं

वाटणी करणारा निवाडा मुद्रांकासाठी वाटणीपत्रच समजला जातो. स्थावर मिळकत त्याच निवाड्याने विभागली जात असेल तर नोंदणीही लागते. सही झाल्यापासून 4 महिन्यांत तो नोंदणीला सादर करा. पुढचे 4 महिने दंड भरून मिळू शकतात. शेतीचे तुकडे पाडण्याआधी ते तुकडेबंदी कायद्याच्या (ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडे पाडायला मनाई करणाऱ्या) नियमांत बसतात का ते पाहा.

प्रत हातात पडली की त्याच दिवशी सातबारा शेजारी ठेवून आकडे जुळवा. गट 112 च्या जागी 121 पडला तर फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरची हक्कबदलाची नोंद, अडतो. अशी चूक दुरुस्त करायला प्रत मिळाल्यापासून 30 दिवसांत, इतर पक्षकारांना नोटीस देऊन, पंचांकडेच अर्ज करता येतो. निवाड्यालाच आव्हान द्यायचं असेल तर मुदत 3 महिने, आणि सबळ कारण असेल तर कोर्ट आणखी फक्त 30 दिवस देऊ शकतं.