मुंबईत गाईडबरोबर सायकल टूर करताय? मग आधी अंतर ठेवायला शिका

जळगावहून जाऊन दक्षिण मुंबईतली पहाटेची सायकल टूर मी आत्तापर्यंत सात वेळा केलीय, कधी भाचे-भाच्या, कधी ऑफिसातल्या मैत्रिणी, एकदा तर साठीतल्या वहिनी पण होत्या. तुम्हाला सायकल येते हे धरूनच लिहितेय.

टूर रविवारी पहाटेचीच घ्या, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो म्हणून मुंबईचं ऊन आपल्याला किरकोळ वाटतं, पण तिथं दमट हवेत घाम वाळतच नाही, अर्ध्या तासात कपडे अंगाला चिकटतात नि बाटली रिकामी होते. जळगावहून रात्रीची गाडी धरली की पहाटे सीएसएमटी, धुळेकरांनी चाळीसगावला येऊन धरायची. निघताना दोन केळी खा. ओढणी बॅगेत. सायकल हातात आली की हवा दाबून बघायची, सीट कमरेएवढी करायची, नि पुढचा ब्रेक कोणत्या हाताला आहे ते उभ्या उभ्याच बघून घ्यायचं.

आता मुख्य मुद्दा. जो तो सांगतो, "गाईडच्या मागे चिकटून राहा, काही होत नाही." हे अजिबात ऐकू नका. दुसऱ्या टूरला मी तेच केलं होतं. ओव्हल मैदानाच्या कडेने चाललो होतो, माझं पुढचं चाक पुढच्या मुलीच्या मागच्या चाकाच्या बाजूला वीतभर आत गेलेलं, गाईडने राजाबाई टॉवरकडे हात केला, ती वर बघता बघता जराशी सरकली आणि तिचा टायर माझ्या टायरला घासला. किर्र असा आवाज, बस एवढंच. तिला कळलंही नाही, मी मात्र रस्त्यावर, कोपर सोललेलं. असं चाकाला चाक लागलं की बहुतेक मागचाच पडतो, कारण पुढचं चाक अडलं की हँडल वळत नाही आणि हँडल वळलं नाही तर तोल सावरायचा कसा?

म्हणून मधे अजून दोन सायकली मावतील एवढी जागा ठेवायचीच. पुढच्याच्या चाकाकडे टक लावू नका, त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघा, म्हणजे खड्डा नि ब्रेक दोन्ही आधी दिसतात. चाक कधीही बाजूला घुसवायचं नाही. डावीकडे टॅक्सी उभी असेल तर तिचं दार पूर्ण उघडेल एवढं लांबून जा. याचा सराव घरीच करून जा, मेहरुण तलावाच्या रस्त्यावर सकाळी तिघांनी रांगेत चालवायचं नि पुढच्याने न सांगता हळू ब्रेक लावायचा, दोन सकाळी पुरतात.

सिग्नलला रांग तुटते, तर तुटू द्या!! पुढचे गेले म्हणून पिवळ्यावर सायकल दामटू नका, माझ्या भाच्याने दामटली होती आणि आडवी आलेली टॅक्सी हातभर अंतरावर थांबली, त्याचे पाय नंतर कितीतरी वेळ थरथरत होते. निघायच्या आधीच गाईडला विचारा की रांग तुटली तर पुढे थांबणार कुठे, आणि सगळ्यात मागे तुमचा माणूस आहे का. मागे माणूस नसेल तर ती टूर घेऊच नका, कितीही स्वस्त असली तरी. उजवीकडे वळायचं तर रस्त्याच्या मधोमध जाऊन उभं राहायचं नाही, सरळ चौक ओलांडा, पलीकडच्या डाव्या कोपऱ्यात थांबा, सायकल फिरवा आणि त्या बाजूचा सिग्नल सुटला की जा. मिनिटभर जास्त लागतं, लागू द्या.

बाकी सोपं आहे. १९२४ चा गेटवे, १८८८ ची सीएसएमटीची इमारत, हे सगळं थांबून बघायचं, चालत्या सायकलवरून नाही. ओव्हलला मात्र पाच मिनिटं जास्त मागून घ्या, एका बाजूला हायकोर्ट, विद्यापीठ आणि ८५ मीटर उंच राजाबाई टॉवर, प्रेमचंद रायचंद यांनी त्याला आईचं नाव दिलंय, आणि दुसऱ्या बाजूला गोल बाल्कन्यांच्या आर्ट डेको इमारती. या दोन्ही मिळून २०१८ ला युनेस्कोच्या यादीत गेल्या.

मरीन ड्राइव्हला समुद्र दिसला की सगळे बाजूबाजूने गप्पा मारत चालवायला लागतात. तिथेही एकामागे एकच चला, गप्पा नंतर कट्ट्यावर बसून मारा, वहिनींनी तर तिथंच डब्यातली कळण्याची भाकरी आणि ठेचा काढला होता, गाईडलाही दिला.