वर-खाली सरकणाऱ्या जुन्या लाकडी खिडक्यांना लॉक कसं लावायचं

दोन पल्ले वर-खाली सरकणारी लाकडी खिडकी असेल तर मधोमध एक फिरवायची खिट्टी असतेच, आणि ती लावली की खिडकी बंद झाली असं आपण धरून चालतो. पण खरं सांगायचं तर तिचं मुख्य काम दोन्ही पल्ले एकमेकांना घट्ट ओढून धरणं, म्हणजे वारा आत येत नाही आणि खडखड होत नाही. दोन पल्ल्यांच्या मधल्या फटीतून बाहेरून पातळ पातं घातलं तर जुनी खिट्टी कित्येकदा सरकवता येते. म्हणून जोडीला पिन लावायची, म्हणजे दोन्ही पल्ल्यांत भोक पाडून त्यात धातूची बारीक कांडी घालायची, की पल्ले सरकत नाहीत. स्वस्तात काम होतं.

आधी लाकूड तपासा. स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, सहज आत गेला तर लाकूड कुजलंय, तिथे कुठलंच लॉक टिकणार नाही. रंगाने पल्ले चिकटले असतील तर फटीतून कटर फिरवून सोडवा (फार जुना रंग असेल तर त्यात शिसं असू शकतं, कोरडा घासू नका).

आता पिन. खिडकी नीट बंद करून खिट्टी लावा. खालचा पल्ला आतल्या बाजूला असतो, त्याच्या वरच्या कोपऱ्यात, काचेपासून लांब, ड्रिल धरा आणि टोक किंचित खाली झुकवा, म्हणजे खिडकी हादरली तरी पिन बाहेर येणार नाही. भोक आतल्या पल्ल्यातून आरपार आणि बाहेरच्या पल्ल्यात साधारण अर्ध्यापर्यंतच जायला हवं. पल्ला 35 मिमी जाड असेल तर 55 मिमीच्या आत थांबा, तेवढ्यावर ड्रिलच्या बिटला टेप गुंडाळून ठेवा, नाहीतर अंदाज चुकतो आणि बाहेरून भोक दिसतं! भोक पिनपेक्षा जरासंच मोठं हवं. दुसऱ्या कोपऱ्यातही तसंच करा. बाजूच्या चौकटीत मात्र ड्रिल घालू नका, आत वजनं आणि दोऱ्या असतात.

खिडकी थोडी उघडी ठेवून झोपायची सवय असेल तर खालचा पल्ला 10 सेंमी वर उचला आणि त्याच भोकातून वरच्या पल्ल्याच्या उभ्या पट्टीत दुसरं भोक पाडा. कोपराच का म्हटलं ते आता कळेल, मधे भोक पाडलं असतं तर या वेळी समोर काच आली असती. लहान मुलं असतील तर फट 10 सेंमीपेक्षा मोठी ठेवू नका.

किल्लीवाले स्टॉपही मिळतात, ते वरच्या पल्ल्याच्या उभ्या पट्टीवर दोन्हीकडे बसतात आणि खालचा पल्ला तिथेच अडतो. छान असतात, पण किल्ली हरवते. आग लागली तर याच खिडकीतून बाहेर पडायचं असेल, त्यामुळे किल्ली खिडकीजवळच, पण बाहेरून हात पोचणार नाही अशा खिळ्याला टांगा आणि घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा. पिनचं डोकंही बोटात धरता येईल एवढं बाहेर ठेवा.