स्कायडायव्हिंगला निघालात? आधी या चुका टाळा

पॅराशूट उघडलंच नाही तर? कॉलेज रोडवरच्या टपरीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत कुठेही असो, मी स्कायडायव्हिंग करतो हे कळलं की समोरच्याचा पहिला प्रश्न हाच. त्याचं उत्तर उरकून टाकतो. पाठीवर दोन पॅराशूट असतात, एक मुख्य आणि एक राखीव. राखीवची घडी प्रमाणित रिगरच, म्हणजे पॅराशूट तपासायचं आणि घडी घालायचं रीतसर शिकलेला माणूसच, घालतो. ठरावीक उंचीच्या खाली आल्यावरही माणूस सुसाट पडतोच आहे असं दिसलं, तर एएडी नावाचं छोटं यंत्र राखीव पॅराशूट आपणहून उघडतं. झालं समाधान?

आता जे कुणी विचारत नाही त्याकडे येऊ. नवशिक्यांचे घोटे आणि गुडघे मोडतात ते बहुतेक वेळा पॅराशूट अगदी छान उघडल्यानंतर, शेवटच्या शंभर-दोनशे फुटांत. आणि त्याची तयारी आधीच झालेली असते, जमिनीवर, घाईपायी.

जमिनीजवळ आल्यावर वळणं

या चुकीचा मला सगळ्यात जास्त राग येतो, म्हणून हिच्यावरच आधी बोलतो.

आजचं पॅराशूट म्हणजे छत्री नव्हे, कापडाचा पंख. तो खाली येता येता पुढेही उडतो, विद्यार्थ्यांना देतात ते मोठं पॅराशूटसुद्धा ताशी 30 ते 40 किलोमीटरने. म्हणून वाऱ्याकडे तोंड करून उतरायचं. पॅराशूटचा वेग 35 आणि समोरून वारा 15 असेल, तर जमिनीशी तुमचा वेग 20 राहतो. तोच वारा पाठीमागून घेतला तर 50. हे वर्गात सगळ्यांना पटतं, आणि पटतं इतकं की तीच पंचाईत होते. अगदी खाली आल्यावर वारा पाठीमागून आहे हे कळलं की पोरं टॉगल, म्हणजे पॅराशूट वळवायच्या दोन हातांतल्या मुठी, खेचून वळायला जातात. एका बाजूचा टॉगल जोरात खेचला की पॅराशूट झुकतं, नाक खाली करून सूर मारतं, आणि खाली लटकलेला माणूस बाहेरच्या अंगाला फेकला जातो. दोन हजार फुटांवर यात मजा आहे. शंभर फुटांवर पॅराशूटला पुन्हा सरळ व्हायला जागाच नसते.

नाशिकच्या सिडकोतला एक मुलगा थायलंडला एएफएफ कोर्सला, म्हणजे एकट्याने उडी मारायला शिकायला, आला होता. चलाख पोरगा, ट्रेकिंगचं वेड, हरिहर गडाच्या पायऱ्या चपलेवर चढणारा. मास्तर फळ्यावर उतरण्याचा आराखडा काढत होते: साधारण 1000 फुटांवर वाऱ्याबरोबर जायचं, 600 च्या सुमारास आडवं वळायचं, 300 ला वाऱ्याकडे तोंड आणि तिथून पुढे सरळ. हा मोबाईलवर आदल्या दिवशीच्या उडीचा व्हिडिओ बघत बसलेला. म्हणाला, "दादा, वरनं सगळं दिसतंच की."

त्या दुपारी विमान वर असतानाच वारा फिरला. मी मैदानाच्या कडेला उभा होतो. विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, पार उलटा झाला होता आणि याने पॅराशूट उघडल्यापासून तिकडे ढुंकूनही पाहिलं नसावं, कारण जुन्याच रस्त्याने आला. मास्तर वॉकीटॉकीवर ओरडत होते, "स्ट्रेट, स्ट्रेट, स्टे स्ट्रेट." हेल्मेटमधल्या रेडिओवर त्याला ते ऐकू येत होतं, हे त्याने नंतर कबूलही केलं. पण तेवढ्यात त्याला विंडसॉक दिसला. उजवा हात कमरेपर्यंत खाली आला, पॅराशूट आडवं झालं आणि तो घोट्यावर आणि खुब्यावर आदळला. आम्ही धावत पोचलो तेव्हा पॅराशूट बाजूला गवतावर पसरलं होतं, एक दोरी तुटलेली नाही की एक शिवण उसवलेली नाही. घोट्यात प्लेट बसली. नाशिकला आल्यावर घरी सांगितलं, बाथरूममध्ये पाय घसरला. आईने एक्स-रेच्या पाकिटावरची थाई अक्षरं पाहिली आणि पुढचं सगळं तिने माझ्याकडून फोनवर काढून घेतलं.

तो सरळ राहिला असता तर? वेगात आला असता, लोळला असता, ढोपरं सोलवटली असती, संध्याकाळी आमच्याबरोबर जेवायला बसला असता. अमेरिकेतली यूएसपीए ही संस्था उतरण्याचा जो अग्रक्रम शिकवते तो असा: पंख समतल ठेवा, मोकळ्या जागेत उतरा, निदान अर्धा तरी फ्लेअर करा (म्हणजे वेग मोडायला दोन्ही टॉगल एकदम खाली खेचा), आणि पाय-गुडघे जुळवून लोळण घ्या. वाऱ्याकडे तोंड करणं या चारांत नाहीच. चांगलं असतं, पण या चौघांचा बळी देऊन नाही.

मी स्वतः विमानात चढण्याआधी उड्या मारणाऱ्यांची एक खेप उतरताना उभा राहून बघतो. कोण कुठून वळतंय, कोण लांब जाऊन पडतंय, विंडसॉक भरलाय की लोंबतोय. मग तळहातावर बॉलपेनने वाऱ्याचा बाण काढतो. लोक हसतात, हसू देत. वर पॅराशूट उघडलं की आधी पॅराशूट तपासायचं, मग आजूबाजूची माणसं, मग विंडसॉक, आणि बाण जुळत नसेल तर आराखडा तिथेच, उंचीवर असताना फिरवायचा. 300 फुटांखाली माझ्यापुरता वळण्याचा विषय बंद. समोर झाड किंवा तार आलीच तर दोन्ही ब्रेक (म्हणजे तेच टॉगल) धरून हलकं वळण कसं घ्यायचं ते कोर्समध्ये शिकवतात. ते मास्तरांसमोर वर सराव करून शिका, व्हिडिओ बघून नको.

याच घराण्यातली दुसरी चूक म्हणजे पायांच्या मधून खाली बघत उतरणं. खाली बघितलं की जमीन अंगावर धावून येतेय असं वाटतं आणि दोन्ही टॉगल वीस-पंचवीस फुटांवरच खाली खेचले जातात. खेचायचे असतात ते दहा-बारा फुटांवर. नजर पुढे, क्षितिजाकडे ठेवा. लवकर खेचलेच, तर आहेत तिथे धरून ठेवा आणि लोळायची तयारी करा. हात पुन्हा वर सोडले की पॅराशूट पुढे झेपावतं आणि मग खरी आपटी बसते.

"स्कायडायव्हिंग शनिवार-रविवारमध्ये बसेल का?"

नाही बसणार. पुढचं वाचायचं नसेल तरी हरकत नाही.

दोन गोष्टींची गल्लत होते. टँडम म्हणजे शिक्षकाच्या छातीला बांधून मारलेली उडी. तिला अर्ध्या तासाची तयारी पुरते, आणि ती एका दिवसात होऊ शकते, हवा चांगली असेल तर. एकट्याने उडी मारायला शिकायचं तर एएफएफ: एक पूर्ण दिवस जमिनीवरचा वर्ग, मग शिक्षकासोबतच्या सात-आठ पायऱ्या, सुरुवातीला शिक्षक बाजूला धरून पडतात. यूएसपीएच्या पहिल्या म्हणजे ए लायसन्सला किमान 25 उड्या लागतात. त्यात वारा, ढग, पाऊस, नापास झालेली पायरी पुन्हा करणं हे सगळं धरा. ढगातून उडी मारत नाहीत, त्यामुळे जून-जुलैची रजा टाकून भारतात उडी शोधणाऱ्यांना मी फक्त नमस्कार करतो.

नाशिकरोडहून चौघं जानेवारीत हरियाणातल्या नारनौलला टँडमसाठी गेले. परतीचं तिकीट दुसऱ्या दिवशीचं. उत्तरेत जानेवारीत धुकं असतं हे शाळेतलं पोरही सांगेल. दोन दिवस विमान हललं नाही, आणि ही मंडळी तिथल्या माणसाशी हुज्जत घालत बसली की थोडंसं दिसतंय की, सोडा आम्हाला. उडी नाकारणारा ड्रॉप झोन, म्हणजे उड्यांचं केंद्र, दिसला की मी तिथे पुन्हा जातो. "बघू, करून टाकू" म्हणणाऱ्याकडे जात नाही. दोन दिवस जास्तीचे ठेवा आणि तिकीट रद्द होऊ शकेल असं काढा.

"शीतल महाजनांची पहिलीच उडी उत्तर ध्रुवावर होती, मग मला काय अवघड?" हेही ऐकून झालंय. होती, 2004 मध्ये. पुण्याच्या या बाईंना 2011 साली पद्मश्री मिळाली ती त्या एका उडीवर नाही. 2018 मध्ये पट्टायाला त्यांनी नऊवारी नेसून उडी मारली तेव्हा शेकडो उड्या गाठीशी होत्या. तो व्हिडिओ पाठवून "मी पण साडीत करणार" म्हणणाऱ्या ताईंनी आधी जंपसूट घालून सुरुवात करावी.

आणि नाशिकलाच का होत नाही, गांधीनगरला आणि ओझरला धावपट्ट्या आहेतच की? गांधीनगरला लष्कराचं हेलिकॉप्टर प्रशिक्षण चालतं, ओझरला एचएएल आणि हवाई दल. तुमच्या रविवारसाठी कुणी ते आकाश मोकळं करून देणार नाही.

वजन आणि दुखणी लपवणं

टँडमला बहुतेक ठिकाणी 90 ते 100 किलोची मर्यादा असते. ती तुमचा अपमान करायला नसते. हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायचे पट्टे, आणि पॅराशूट यांना दोघांचं मिळून वजन पेलायचं असतं, आणि उतरताना ते सगळं शिक्षकाच्या पायांवर येतं. सातपूरच्या एका कारखानदाराने फॉर्मवर 92 लिहिलं. काट्यावर उभा राहिला तर 107. म्हणाला, "खिशात मोबाईल आहे." आगाऊ भरलेले पैसे गेले, वर बायकोसमोर शोभा झाली ती वेगळी.

वजन निदान काट्यावर कळतं, खांदा कळत नाही. क्रिकेट खेळताना कधी खांदा निखळला असेल आणि तुम्ही एकट्याने उडी शिकणार असाल, तर ते सांगितल्याशिवाय फॉर्मवर सही करू नका. ताशी 190-200 किलोमीटरच्या वाऱ्यात हात पसरलेला असतो. तिथे खांदा पुन्हा सुटला तर पॅराशूटचं हँडल ओढणार कोण? मणक्याचं दुखणं, फिट येणं, रक्तदाब, गरोदरपण, हे आधी आपल्या डॉक्टरला विचारायचं. ड्रॉप झोनवर पोचल्यावर नाही.

अल्टिमीटर विसरणं

फ्रीफॉलमध्ये, म्हणजे पॅराशूट उघडण्याआधी नुसतं पडताना, पोटात गोळा येत नाही, कारण विमानातून बाहेर पडतानाच अंगात विमानाचा वेग असतो. आवाज प्रचंड, वारा प्रचंड, आणि पडतोय असं वाटतच नाही. इथेच माणूस रमतो, आणि मनगटावरचं उंची दाखवणारं यंत्र, म्हणजे अल्टिमीटर, बघायचं विसरतो. 13,000 फुटांवरून निघून विद्यार्थ्याने 5500 च्या सुमारास पॅराशूट उघडायचं असतं, म्हणजे हातात पाऊण मिनिट. आपल्या कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची उंची 5400 फूट. शिखरावरून खाली बघताना जेवढा वेळ आरामात घालवता ना, तेवढा इथे नसतो: त्या वेगाने ही सगळी उंची संपायला साधारण अर्धं मिनिट लागतं.

एएडी आहे की, असं यावर कुणी म्हणालं की मी विषय बदलतो. ज्याला यंत्राच्या भरवशावर उडी मारायची आहे त्याने टँडमच करावं.

सवय घरी लागते. पलंगावर पालथं पडा, कंबर पुढे दाबून छाती-पाय उचला, आणि मोठ्याने म्हणा: क्षितिज, मीटर, मास्तर. दर पाच सेकंदांनी मनगटाकडे नजर. घरचे वेड्यात काढतील, पण विमानाच्या दारात मेंदू कोरा झाल्यावर हेच अंगात राहिलेलं असतं.

बाकीच्या, पटापट

हेल्मेटवर कॅमेरा: यूएसपीए 200 उड्यांनंतर लावायला सांगते. रील नंतर करा. टँडमला कॅमेरामन वेगळा मिळतो, पैसे मोजा.

ट्रेकचे बूट: नाडीला धातूचे हुक असलेले बूट घालून येऊ नका, त्यात पॅराशूटच्या दोऱ्या अडकू शकतात. साधे स्पोर्ट्स शूज पुरेत.

घट्ट जीन्स: टँडमला उतरताना दोन्ही पाय समोर उचलून धरायचे असतात. घरी खुर्चीत बसून एकदा करून बघा. जीन्समध्ये जमत नसेल तर ट्रॅकपँट.

तर्रीदार मिसळ हाणून विमानात बसणं, आणि संकष्टीचा कडक उपास धरून बसणं: दोन्ही सारखंच वाईट. पोहे खा, पाणी प्या.

सर्दी: नाक चोंदलेलं असताना उडी नाही. वेगाने खाली येताना कान आणि कपाळ असं ठणकतं की उरलेली सहल झोपून काढाल.

पट्टायाचं पॅकेज घेऊन एका दिवशी स्कुबा आणि दुसऱ्या सकाळी उडी: मध्ये 24 तास जाऊ द्या. पाण्याखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन उंचीवर बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येतो.

कामशेतला पॅराग्लायडिंग केलंय म्हणून कोर्समध्ये सूट मागणं: पॅराशूट हाताळायला मदत होईल, फ्रीफॉल शून्यापासूनच शिकाल.

स्वस्तात मिळालं म्हणून जुनं पॅराशूट विकत घेणं: सुरुवातीला कपडे आणि सगळ्या सामानासकट तुमच्या वजनाच्या दर पाउंडामागे एक चौरस फूट कापड धरतात. 80 किलोचा माणूस सामानासह 92 किलो, म्हणजे जवळपास 200 पाउंड, म्हणजे 200 चौरस फूट. तुम्हाला विकतोय तो 150 चं असेल तर तो तुमचा मित्र नाही. आणि रिगरने तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

शेवटी विमा. परदेशी जाताना काढलेल्या साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत स्कायडायव्हिंग बऱ्याचदा वगळलेलं असतं. एजंट फोनवर "सगळं कव्हर आहे साहेब" म्हणेल. पॉलिसीत वगळलेल्या गोष्टींची यादी स्वतः वाचा, आणि तिथे साहसी खेळ एवढंच मोघम लिहिलेलं असेल तर ईमेलवर लेखी उत्तर मागवून घ्या.